तिसऱ्या नटावरची रेघ

४ फेब्रुवारी

दादा,

"ही सीट अजून गरम आहे. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय."

आई हे म्हणाली तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास आणि मी तेरा. अप्पांनी ती राखाडी गाडी दारात आणून लावली होती, पाच वर्षं दुसऱ्या कुणाकडे चाललेली. सकाळभर ती सावलीत उभी होती. दुपारी आई हात पुसत बाहेर आली, पुढे शेजारच्या सीटवर बसली आणि हे म्हणाली. अप्पा हसले. तू म्हणालास, "म्हणून सांगत होतो, नवी घ्या. दुसऱ्याची उष्टी कशाला?" त्यावर अप्पा म्हणाले, "नवीसुद्धा पहिल्या दिवसापासून जुनीच व्हायला लागते रे. ही निदान कबूल करते."

फोन तू उचलत नाहीस. मेसेज उघडत नाहीस. म्हणून कागद. कागद फाडायच्या आधी माणूस निदान एकदा बघतो तरी.

काम असं आहे. गाडी आता छत्तीस वर्षांची झाली. नव्या नियमाप्रमाणे एकतीस मार्चच्या आत कचेरीत अर्ज द्यायचा आहे. गाडी अजून अप्पांच्या नावावर, त्यामुळे वारस म्हणून आपल्या दोघांच्या सह्या लागतात. अर्जावर दोन चौकोन आहेत, 'चालू ठेवणे' आणि 'मोडीत काढणे'. मी सही केली आहे. चौकोन रिकामे ठेवलेत. खूण तू कर.

अप्पा गेल्याला वर्ष झालं. तू आला नाहीस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. गॅरेज मीच बघते. आता नुसती दुरुस्ती नसते, लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी मला दाखवायला आणतात. मी खाली शिरते, ठोकून बघते, वास घेते आणि काय आहे ते सांगते. लग्नाआधी स्थळाची चौकशी करतात तसंच आहे बरंचसं.

एक गंमत सांगते. अप्पांची सवय तुला आठवत असेल. चाकाचा नट पूर्ण आवळून झाला की त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, नटावरून थेट चाकावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. "रेघ म्हणजे माझी सही. रेघ सलग आहे, सोड गाडी," असं म्हणायचे. ती सवय मी चालू ठेवली आहे. तर गेले तीन आठवडे आपल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या तिसऱ्या नटावरची रेघ तुटते आहे. बरोबर पाव फेरा. मी आवळते, जुनी रेघ पुसते, नवी ओढते. दोन दिवसांनी पुन्हा पाव फेरा. मधल्या दिवसांत गाडी जागची हललेली नसते.

तुझा यात काही संबंध नाही. एकेकाळी तूही यातलाच होतास, म्हणून लिहिलं.

पकड

(हे नाव आता कुणी घेत नाही. तुझ्या शर्टाचं टोक धरून फिरायचे म्हणून तूच ठेवलं होतंस.)


१९ फेब्रुवारी

दादा,

अर्ज मिळाला. 'मोडीत काढणे' वर खूण, खाली सही. सोबतची चिठ्ठी छापील: "भंगारात घाल. तुला नवीन गाडी भाड्याने लावून देतो, ओळखी आहेत. दर तीन वर्षांनी बदलून मिळते. कटकट नाही." सहीखेरीज तुझ्या हातचं एकही अक्षर नाही. सही मात्र तशीच आहे, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब. अप्पांसारखं.

कटकट नाही, हे खरंच आहे. परवा एक गणिताच्या बाई आल्या होत्या, एक निळी गाडी घेऊ की नको असं विचारायला. मी खालून बघून बाहेर आले आणि म्हटलं, "बाई, आकडा चाळीस हजार किलोमीटर सांगतो, पण ब्रेकच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालंय. एक जण खोटं बोलतोय आणि रबराला बोलता येत नाही."

"म्हणजे घेऊ नको?"

"घ्या. फक्त खरं वय धरून घ्या. पट्टा बदला, मागचे शॉकअप बदला, दहा वर्षं चालेल."

"त्यापेक्षा भाड्यानं नवी बरी ना? माझा भाचा म्हणतो तीन वर्षं वापरायची, परत द्यायची."

"बरीच आहे."

"मग तुम्ही का नाही घेत?"

"मला कटकट लागते."

त्या हसल्या. मग जाता जाता त्यांनी विचारलं, "परत दिल्यावर ती कुठे जाते हो?"

"दुसऱ्याकडे. तिथे ती जुनी म्हणून जाते."

त्यांनी निळी घेतली. मी तिचं खरं वय एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पुढच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं.

मला खरंच आवडतात रे जुन्या गाड्या. माणूस गेला तरी त्याची बसायची तऱ्हा राहते. कुलपाभोवतीच्या ओरखड्यांवरून कळतं, घाई कुणाला असायची. स्टिअरिंगवर एका जागी अंगठी घासलेली असते. हे सगळं पुसता येत नाही, आणि मला ते पुसायचंही नसतं. तू दर तीन वर्षांनी किल्ली परत देतोस तेव्हा तुझं काय राहत असेल त्या गाडीत, असा मी विचार करते.

आता दुसरी गोष्ट. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तुला माहीत नाही, तू गेल्यावर आला. बारीक स्क्रूड्रायव्हर मागायला येतो आणि तासभर बसतो. काल सकाळी अकराला आला, आपली राखाडी गाडी शेडच्या आतल्या कोपऱ्यात होती, तिच्यात पुढे शेजारी जाऊन बसला आणि पेपर उघडला. मी दुसऱ्या गाडीखाली होते.

"ताई," तो म्हणाला, "सीटला हीटर बसवलात की काय? चैन आहे बुवा तुमची."

"कसला हीटर? चार दिवस किल्ली लावली नाही तिला."

"मग मी यायच्या आधी कुणी बसलं होतं का इथे? बघा की हात लावून."

मी हात पुसून गेले. आधी ड्रायव्हरची सीट बघितली. गार. मागची गार. शेजारच्या सीटला हात लावला. दादा, उन्हानं तापते तशी नव्हती. शेडमध्ये ऊन येतच नाही. माणूस उठून गेल्यावर राहते तशी, फक्त मधे, खोलगट भागात.

चष्मेवाला म्हणाला, "माझीच ऊब असेल." पण तो तेव्हा बाहेर उभा होता, आणि ती निवत नव्हती.

नट अर्धा फेरा सैल होता काल.

तुझा अर्ज मी अजून कचेरीत दिलेला नाही.

पकड


२ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. रागावू नकोस त्यांच्यावर. माझी दोन्ही पत्रं त्यांनी वाचली, तू वाचून खणात ठेवलीस म्हणे. फाडली नाहीस.

मी विचारलं, "बरा आहे ना?"

"बरे आहेत. नवी गाडी आली मागच्या महिन्यात, पांढरी. सातवी."

"छान चालवतो का अजून?"

त्या म्हणाल्या, "एक विचारू? लग्नापासून बघते आहे. पुढे शेजारी कुणाला बसू देत नाहीत. तिथे बॅग ठेवतात आणि बॅगेला पट्टा लावतात. मी मागे बसते. मुलं झाली तीही मागे. मुलगी चिडवायची, बाबा, बॅगेला विचारा थंडी वाजते का. एकदा मी हट्टानं पुढे बसले, तर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून चालायला लागले. का हो असं?"

मी म्हटलं, "वहिनी, मला माहीत नाही."

आता तुला वाटेल मी यासाठीच लिहिते आहे. नाही. मी त्या नटाबद्दल लिहिते आहे.

मी काय काय केलं ते सांगते. नट बदलला. तरी सैल. ज्या खिळ्यावर तो बसतो तो बोल्ट बदलला. तरी सैल. पुढचं डावं चाक काढून मागे उजवीकडे लावलं आणि मागचं पुढे आणलं. मागे गेलेलं चाक घट्ट राहिलं, पुढे आलेल्याचा तिसरा नट सैल. आट्यांवर चिकट द्रव लावला, तो एकदा वाळला की नट हातोडीनं ठोकून काढावा लागतो. वाळला. सकाळी नट हातानं फिरत होता. म्हणजे दोष नटात नाही, बोल्टात नाही, चाकात नाही. दोष त्या जागेत आहे. अप्पा असते तर म्हणाले असते, सगळं बदलून झालं की ज्यानं बदललं त्याच्याकडे बघ.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. तू एकोणीस, मी सोळा. चारला आईची डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती आणि तू तिला घेऊन निघालास. पुलाच्या वळणावर गाडी डावीकडे गेली, कठड्यावर. तुझं मनगट मोडलं. आई डावीकडे होती.

तपासाला आलेल्या माणसानं लिहिलं की धडकेनं चाक उपटलं. अप्पांनी त्याला दुजोरा दिला. गॅरेजवाल्यानं सांगितल्यावर कोण शंका घेणार? दवाखान्याच्या जिन्यात अप्पा तुला म्हणाले, "वेग होता तुझा."

तू म्हणालास, "नव्हता, अप्पा. शपथ."

"मग गाडी आपोआप गेली का?"

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी काहीच म्हणाले नाही.

चार महिन्यांनी तू घर सोडून गेलास. अप्पांनी वर्षभर खपून ती गाडी पुन्हा उभी केली. लोक म्हणाले, वेड लागलं, बायको गेली त्या गाडीत. अप्पा म्हणाले, "गाडीचा काही दोष नाही." हे ते इतक्या ठामपणे म्हणायचे की मला खोलीतून बाहेर जावंसं वाटायचं.

इथे थांबते.

पकड


९ मार्च

दादा,

काल दुपारी चार पानं लिहिली. वाचली, फाडली आणि जुन्या ऑइलच्या पिंपात बुडवली.

आज सकाळी चाकावरचं झाकण उघडलं तर नट आतून माझ्या पायाशी पडला. पूर्ण निघालेला. टण्ण असा आवाज झाला आणि चष्मेवाला पलीकडून म्हणाला, "काय पाडलंत ताई?"

नट उचलला. त्यावर रेघ होती. मी हल्ली मार्कर वापरते, माझी रेघ बोटाएवढी जाड येते. ही केसासारखी बारीक होती. आणि थोडी वाकडी, टोकाशी एक ठिपका.

दुपारी पुन्हा बघितलं तर माझीच जाड रेघ होती. मला चष्मा लागला असेल. चष्मेवाल्यानं लगेच तपासून दिलं. म्हणाला, "नजर एकदम स्वच्छ आहे तुमची. काही दिसलं असेल तर ते होतंच."

तो गंमत करत होता.


११ मार्च

दादा,

आज फाडणार नाही. टेबलाशी बसण्याआधी पिंपावर झाकण घट्ट लावून आले.

बारीक रेघेबद्दल आधी सांगते. अप्पांचा ब्रश कडक झाला होता आणि मला त्यानं नीट ओढता येईना. तेव्हा आईनं तिची नखं रंगवायची रिकामी बाटली धुऊन दिली, अप्पांनी तीत पांढरा रंग भरला. छोटासा ब्रश, झाकणाला जोडलेला. ती माझी बाटली. त्या वर्षी गॅरेजमधून बाहेर पडलेल्या गाड्यांवर जाड रेघ असली तर अप्पांची आणि बारीक असली तर माझी. अप्पा गिऱ्हाइकांना अभिमानानं दाखवायचे.

त्या गुरुवारी आपली गाडी जॅकवर होती. पुढचं डावं चाक मी लावत होते. नट बोटांनी बसतात तेवढे बसवले होते. पुढचा क्रम तुला पाठ आहे. जॅक उतरवायचा, लांब पान्यानं समोरासमोरचे नट आवळायचे आणि मग रेघ. पण बाटली उघडी होती आणि रंग सुकत होता. मला वाटलं, रेघा ओढून टाकू, आवळायचं काय, आवळू. चारही नटांवर ओढल्या. तिसऱ्याच्या टोकाशी ठिपका पडला, कारण तेवढ्यात आईनं हाक मारली, "पकड, चहा गार होतोय. पिऊन जा, मग कर."

मी गेले.

मी चहा पीत होते तेव्हा अप्पा गॅरेजमध्ये आले. चार रेघा सलग दिसल्या. त्यांनी जॅक उतरवला आणि तुला हाक मारली. मला आतून ऐकू आलं. "झालीय रे गाडी. रेघा आहेत. ने."

आईनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेली. गाडी सुरू झालेली मी ऐकली. मी बिस्कीट बुडवत होते, दादा. मला आठवलंही नाही. पुलावरून फोन आला तेव्हा आठवलं, एकदम, सगळं, ठिपक्यासकट.

तू वेगात नव्हतास.

हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं लिहू शकले असते. सोळाव्या वर्षी कळत नव्हतं असं म्हणेन, तर सतराव्या वर्षी कळत होतं. तुझं लग्न झालं तेव्हा कळत होतं. वहिनींनी परवा विचारलं तेव्हा तर तोंडाशी आलं होतं, आणि मी म्हटलं माहीत नाही.

आता अप्पांचं. चौदा जानेवारीला मी त्यांची हत्यारांची पेटी पहिल्यांदा पूर्ण रिकामी केली. तळाशी ग्रीजचा एक डबा होता. त्यात कापडात गुंडाळलेला एक नट. आटे शाबूत. धडकेनं चाक उपटलं असतं तर आटे चिरडले असते. हा नट सावकाश, आपणहून फिरत निघालेला होता. त्यावर बारीक पांढऱ्या रेघेचा अर्धा तुकडा आणि टोकाशी ठिपका.

त्यांना माहीत होतं. पुलाखाली जाऊन त्यांनी तो शोधला असणार, आणि तपासाचा कागद होण्याआधी खिशात टाकला असणार. त्या दिवसानंतर त्यांनी मला एकदाही रेघ ओढू दिली नाही. "तुझा हात हलतो," म्हणायचे आणि ब्रश स्वतः घ्यायचे. मी सत्तावीस वर्षं समजत होते की माझा हात हलतो.

आम्ही दोघं एकाच टेबलाशी जेवायचो. त्यांना वाटत असेल, हिला आठवत नाही, बरं आहे. मला वाटायचं, यांना माहीत नाही, बरं आहे. आणि आमच्या या दोन बरं आहेंच्या मधे तू होतास. दोन मुलांतलं एक वाचवायचं म्हणून त्यांनी तुला दिलं असेल. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. माझं तर विचारतच नाही.

डबा मला सापडला त्याला आज आठ आठवडे झाले. मी तो झाकण लावून परत पेटीत ठेवला होता. नट सैल व्हायला लागला तो त्याच आठवड्यात. ही आई आहे का, अप्पा आहेत, की माझाच हात सकाळी माझ्या नकळत तिथे जातो, मला सांगता येत नाही. सीट मात्र मी तापवत नाही. आज तिच्याशेजारी बसून हे लिहायचं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही. शेडच्या दारात स्टूल घेऊन बसले आहे. इथून काच दिसते. शेजारच्या बाजूची काच आतून थोडी धुरकट झाली आहे, कुणी जवळ तोंड नेऊन बाहेर बघावं तशी. मी बघते आहे आणि ती पुसली जात नाही.

तुझा अर्ज यासोबत परत पाठवते आहे. ती खूण तू माहीत नसताना केली होतीस. आता माहीत करून कर. मोडीत म्हणालास तर मी स्वतः नेऊन देईन, एक शब्द बोलणार नाही. अप्पांच्या डब्यातला नटही याच पाकिटात आहे. आटे स्वतः बघ. तुला अजून बघता येतात.

गाडीचा तिसरा नट मी आज बोटांनी बसवला आहे, आवळलेला नाही. रेघ ओढलेली नाही. पान्याला हात लावणार नाही. आईची बाटली मिळाली आहे, रंग सुकून दगड झाला होता, मी थिनर घालून हलवत ठेवला आहे.

एकतीस तारखेच्या आत ये. सकाळी ये, उजेडात. नट तू आवळ, रेघ तू ओढ. मग गाडी तू चालव, आणि मला पुढे तुझ्या शेजारी बसू दे. आईच्या जागी. पुलापर्यंत आणि परत. सीट गरम असली तर ते मी बघून घेईन.

नाही म्हणशील हे धरूनच लिहिते आहे. पण कागदावर विचारते, म्हणजे नकारही कागदावर येईल, आणि या वेळी छापील पाठवू नकोस, तुझ्या अक्षरात पाठव. मला शेजारी बसवून पुलापर्यंत नेशील का?

पकड